वजन १०२ किलो, नववा आठवडा: बाळंतपण माहेरी करायचं का?

तुमच्या पत्रात बऱ्याच गोष्टी एकात एक गुंतल्यात, म्हणून आधी त्या एकत्र मांडते. वय ३१, उंची १५५ सेंटिमीटर, वजन १०२ किलो. पीसीओडी, म्हणजे संप्रेरकं बिघडून अंडी वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास आहे, त्यासाठी शुगर आटोक्यात ठेवणारी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. पहिलंच गरोदरपण, नववा आठवडा. जवळच्या एका डॉक्टरांनी ‘एवढ्या वजनावर राहू दिलंच कशाला’ असं ऐकवलं. सासूबाई म्हणतात, दोन जिवांची आहेस, हात आखडू नकोस. तुम्हाला विचारायचंय की आत्ता डाएट करून वजन उतरवावं का, बाळाला नेमकं काय होऊ शकतं, आणि रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी जाऊन तिथल्या छोट्या प्रसूतिगृहात बाळंत झालं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळ्यापेक्षा तोच निर्णय तुमच्या हातात जास्त आहे. नाही चालणार. ओटीभरणाला जरूर जा, चार दिवस आईच्या हातचं खाऊन या. पण बाळंतपण मात्र जिथे चोवीस तास भूलतज्ज्ञ हजर असतो, रक्त आवारात किंवा अगदी जवळ मिळतं आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे, अशाच ठिकाणी व्हायला हवं. आणि तिथे नाव सातव्या महिन्यात घालायचं नाही, याच महिन्यात घालायचं. आमच्याकडे अशा बायका रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समधून येतात: कळा वीस तास झाल्या, मूल उतरत नाही, तिथल्या डॉक्टरांनी मणक्यात सुई घालायचा चारदा प्रयत्न केला आणि मग पुढे पाठवलं. यात त्या डॉक्टरांचा दोष नसतो. तिथे ती सोयच नसते.

आता आकडा. १०२ ला १.५५ च्या वर्गाने भागलं की तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४२ च्या थोडा वर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत ४० आणि त्यापुढे तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे तीव्र लठ्ठपणा. भारतीयांसाठी आपण २५ पासूनच लठ्ठपणा धरतो, कारण आपली चरबी पोटाभोवती जमते आणि कमी वजनातही शुगर बिघडवते. तेव्हा आकडा मोठा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यासाठी गर्भ पाडायचा विचारसुद्धा करायचं कारण नाही. या वजनाच्या बहुतेक बायकांना धडधाकट मुलं होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला होता, म्हणजे जास्त वजनाच्या गरोदर बायका आता कुठल्याही ओपीडीत रोज असतात. ‘राहू दिलंच कशाला’ या वाक्याचा मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. अशी बोलणी खाल्लेली बाई पुढची भेट टाळते, आणि मग एकदम सहाव्या महिन्यात चढलेलं बीपी आणि २००ची शुगर घेऊन येते. वजनाने जेवढं बिघडत नाही तेवढं त्या हुकलेल्या तीन महिन्यांनी बिघडतं.

या आठवड्यात काय करायचं ते सांगते. फॉलिक ॲसिडची गोळी कुठली चालू आहे ते पाहा. नेहमीची ०.४ मिलिग्रॅमची असते. बीएमआय ३० च्या वर असेल तर ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांचं कॉलेज ५ मिलिग्रॅमची सांगतं, गर्भ राहायच्या महिनाभर आधीपासून ते १२ आठवड्यांपर्यंत. अमेरिकेतले डॉक्टर केवळ वजनासाठी डोस वाढवत नाहीत. मी ५ची देते; आपल्याकडे ती सहज मिळते, स्वस्त आहे आणि बाळाच्या मणक्याची नळी बंद न होण्याचा दोष या वजनात जास्त दिसतो हे पक्कं माहीत आहे. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, शुगरचे रिपोर्ट पाहून तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, लघवीतलं प्रोटीन, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या आत्ताच करून घ्या. लिव्हर-किडनीचे आकडे आज नॉर्मल असले तरी फाइलला हवेत, म्हणजे आठव्या महिन्यात बीपी वाढलं तर तुलना करायला काहीतरी असतं. हिमोग्लोबिनबद्दल एक गैरसमज फार आहे: अंगाने भरलेली बाई म्हणजे रक्तानेही भरलेली. तसं नसतं. जाड बायकांत लोहाची कमतरता चांगलीच आढळते. रात्री मोठ्याने घोरता का, घोरताना श्वास अडकतो का, हे नवऱ्याला विचारा आणि डॉक्टरांना सांगा. भूलतज्ज्ञाला ते माहीत असायला हवं.

बीपीबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे रोज घोटाळा होतो. बीपीचा नेहमीचा पट्टा साधारण ३३-३४ सेंटिमीटर घेराच्या दंडापर्यंतच बरोबर मोजतो. तुमच्या वजनाला दंडाचा घेर बहुधा ३६ ते ४० असेल. लहान पट्टा ओढूनताणून बांधला की बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. याचे दोन परिणाम मी पाहिलेत. एक तर विनाकारण गोळ्या सुरू होतात. दुसरा जास्त वाईट: नर्स म्हणते ‘पट्ट्यामुळे जास्त येतंय’, सगळे मान हलवतात आणि खरंच वाढलेलं बीपी पंधरा दिवस तसंच राहतं. शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंड मोजा, आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक वेळी मोठा पट्टा मागा. घरी डिजिटल मशीन घेणार असाल तर मोठ्या पट्ट्याचंच घ्या.

बीपीची एवढी काळजी का? गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रोटीन जायला लागतं, लिव्हर-किडनीवर ताण येतो, वारेचा रक्तपुरवठा कमी होतो, त्याला आम्ही प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतो. गरोदरपणाआधीचा बीएमआय पाच ते सात अंकांनी वाढला की याची शक्यता जवळपास दुप्पट होते. तुमचं पहिलं गरोदरपण, त्यात बीएमआय ३५ च्या वर. या दोन गोष्टी एकत्र असल्या की १२ आठवडे पूर्ण झाल्यावर रोज रात्री ॲस्पिरिनची कमी डोसची गोळी सुरू करतात, ७५ ते १५० मिलिग्रॅम, आणि साधारण ३६ आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. मी १५०ची पसंत करते. पोटात अल्सर, दमा किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ही गोळी १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच तिचा नीट उपयोग होतो, कारण वार रुजण्याचं काम त्याच काळात चालू असतं. पाचव्या महिन्यात ‘आता देऊन बघू’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही. सातव्या महिन्यानंतर डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, तोंडावर अचानक सूज, यांपैकी काहीही झालं तर रात्र काढायची नाही. बीपी १४०/९० झालं की त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० झालं की थेट हॉस्पिटल.

शुगरवर आता. तीव्र लठ्ठपणात गरोदरपणाच्या मधुमेहाची शक्यता नेहमीच्या वजनाच्या बाईच्या सुमारे आठ पट असते. वजनाशी जोडलेल्या सगळ्या धोक्यांत हा सगळ्यात जास्त चढणारा. आपल्या देशातल्या सरकारी पद्धतीप्रमाणे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाजतात, उपाशी असा वा नसा, आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आलं तर मधुमेह. ही तपासणी पहिल्या भेटीतच करायची असते आणि नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. तुमच्या बाबतीत सोबत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी तपासणी) आणि उपाशीपोटीची शुगर आत्ताच करा. एचबीए१सी ६.५ च्या वर किंवा उपाशीपोटी १२६ च्या वर असेल तर तो मधुमेह गरोदरपणाआधीचाच आहे, कळलेला नव्हता एवढंच. बाळाचं हृदय, मणका, मेंदू हे सगळं पाचव्या ते आठव्या आठवड्यात घडत असतं, त्यामुळे असा छुपा मधुमेह लवकर कळणं फार महत्त्वाचं.

बाळाच्या अंगाने हे कसं चालतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्यांचा कंटाळा येणार नाही. आईची साखर वारेतून सहज पलीकडे जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन बनवायला लागतं, आणि इन्शुलिन हे चरबी साठवणारं संप्रेरक. बाळ अंगाने वाढतं, खांदे आणि पोट डोक्याच्या मानाने मोठं होतं. जन्मल्यावर नाळ कापली की आईकडून येणारी साखर त्या क्षणी थांबते, पण बाळाचं इन्शुलिन काही तास तसंच वाहत राहतं. त्यामुळे पहिल्या दिवशी बाळाची शुगर धाडकन खाली येऊ शकते. म्हणून टाचेला टोचून थेंबभर रक्त घेतात, ४५ च्या आसपासच्या खाली गेली तर आधी दूध, नाहीच जमलं तर सलाइनमधून ग्लुकोज. अशा बाळांना जन्मल्यावर धाप लागणं आणि कावीळ वाढणं हेही जास्त होतं. आजीला नातवाच्या टाचेत सुया टोचलेल्या बघवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण वेळेवर कळलेली कमी शुगर दुधाने सुधारते, न कळलेली फिट आणू शकते.

इथे पुण्याचं एक काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पण एवढं हलकं असूनही आपल्या बाळाच्या पाठीवरची त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वजनात बारीक, चरबीत जाड. त्या आया गावातल्या, कष्ट करणाऱ्या, किडकिडीत होत्या, तुमच्यासारख्या नव्हत्या. मग हे तुम्हाला का सांगते? कारण ‘चार किलोच्या वर गेलं तरच मोठं बाळ’ हा पुस्तकातला आकडा आपल्याकडे तसाच लावून चालत नाही. साडेतीन किलोचं बाळ बघून घरचे खूश होतात, ‘गुटगुटीत आहे’ म्हणतात. पण १५५ सेंटिमीटर उंचीच्या, शुगर वाढलेल्या आईच्या पोटी ते बाळ मोठंच असू शकतं आणि त्याच्या खांद्यांची काळजी घ्यावी लागते.

आता खाणं. दोन जिवांसाठी दुप्पट खायचं नसतं, नेहमीच्या वजनाच्या बाईलाही नाही. चौथ्या महिन्यापासून तिला रोज सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध, संपलं. तुमच्या वजनाला संपूर्ण नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वजन वाढणं पुरेसं आहे. बारीक बाईला सांगतो ते ११-१२ किलो तुमच्यासाठी नाहीत. उलट्यांमुळे पहिल्या तीन महिन्यांत एक-दोन किलो उतरलं तर घाबरू नका. पण मुद्दाम उपाशी राहणं, कीटो, दिवसातून एकदाच जेवणं, हे आता बंद. लंघनाने रक्तात कीटोन वाढतात, ते बाळाला नकोत. वजन उतरवायची वेळ गरोदरपणाच्या आधी होती आणि बाळंतपणानंतर पुन्हा येईल. ब्रिटनमध्ये लठ्ठ गरोदर बायकांना आहार-व्यायामाचा शिस्तशीर कार्यक्रम देऊन २०१५ मध्ये निकाल जाहीर झाले: वजन जरा कमी वाढलं, पण मधुमेह काही कमी झाला नाही आणि मोठी बाळंही तेवढीच झाली. मी हे निराश करायला सांगत नाही. आपल्या शिस्तीकडून काय मिळेल आणि काय नाही ते माहीत असलं की शुगर वाढल्यावर ‘मीच काहीतरी खाल्लं’ म्हणून बाई रडत बसत नाही, इन्शुलिन लागलं तर मुकाट्याने घेते.

आमच्या बायकांच्या शुगरच्या वह्या पाहिल्या की एक गोष्ट हमखास दिसते. सगळ्यात वाईट आकडे उपवासाच्या दिवशीचे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, वर केळं आणि दूध. जेवणाच्या दिवशी १२० असणारी दोन तासांची शुगर चतुर्थीला १८०. उपवास सोडवत नसेल तर भगर-आमटी थोडी, दही, शेंगदाणे, काकडी असं करा, साबुदाणा नको. एरवी ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, वरण, पालेभाजी, ताक, अंडं-मासे चालत असतील तर ते. फळ चावून खा, रस पिऊ नका. चहात साखर घालायची सवय याच आठवड्यात मोडा, दिवसाचे चार कप मिळून ती बरीच होते. डिंकाचे लाडू आणि ‘तूप खाल्लं की बाळ घसरत येतं’ हे दोन्ही बाजूला ठेवा. दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चाला, जिन्यात का होईना. मधुमेह निघालाच तर लक्ष्य असतं उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली.

सोनोग्राफीबद्दल तुमची अपेक्षा थोडी खाली आणते. पोटावरच्या चरबीच्या थरातून लहरी बाळापर्यंत जाऊन परत येईपर्यंत कमजोर होतात, चित्र पुसट येतं. पाचव्या महिन्यातल्या तपासणीच्या रिपोर्टवर ‘आईच्या शरीरयष्टीमुळे अमुक भाग नीट दिसला नाही’ असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते वाचून बायका हादरतात. बाळात दोष आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा जायचं, मूत्राशय थोडं भरलेलं ठेवायचं, सोनोलॉजिस्ट पोटाची घडी वर उचलून खालून किंवा बेंबीतून बघतो, काही वेळा १२-१३ आठवड्यांत अंतर्गत सोनोग्राफीत जे दिसतं ते नंतर पोटावरून दिसत नाही. अनुभवी माणसाकडे, चांगल्या मशीनवर जा. गावातल्या सोयीच्या सेंटरला या एका तपासणीसाठी सुट्टी द्या. डबल मार्करचा, म्हणजे बाळात डाउन सिंड्रोमसारख्या दोषाची शक्यता सांगणाऱ्या रक्ततपासणीचा फॉर्म भरताना वजन खरं सांगा. संकोचाने ८५ सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात; प्रयोगशाळा वजन धरूनच हिशोब करते, खोटं वजन दिलं की निकालही खोटा. बाळाच्या डीएनएची महागडी रक्ततपासणी सुचवली तर एवढं लक्षात ठेवा की जास्त वजनात आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचा वाटा कमी असतो आणि ‘निकाल नाही’ असं उत्तर यायची शक्यता वाढते.

दोषांचा धोका किती, हे तुम्ही स्पष्ट विचारलंय. स्वीडनमध्ये २००१ ते २०१४ मधल्या बारा लाखांवर जन्मांचा हिशोब मांडला गेला. नेहमीच्या वजनाच्या आयांच्या बाळांत मोठे जन्मदोष ३.४ टक्के, तुमच्या श्रेणीतल्या आयांच्या बाळांत ४.७ टक्के. म्हणजे १०० बाळांमागे साधारण एक जास्त. शंभरातली पंचाण्णव बाळं तुमच्या श्रेणीतही मोठ्या दोषाविना जन्मली. ‘धोका वाढतो’ हे वाक्य कुठेही वाचलंत तर किती वरून किती, हे विचारल्याशिवाय ते मनाला लावून घेऊ नका.

एका गोष्टीवर मात्र मी गुळमुळीत बोलणार नाही. पोटात बाळ जाण्याचा धोका वजनाबरोबर वाढतो. बीएमआयच्या दर ५ अंकांमागे साधारण सव्वापट, आणि तारीख जवळ येईल तसा तो जास्त चढतो. एकूण आकडा तरीही लहानच असतो, पण तो बराचसा शेवटच्या आठवड्यांत असल्यामुळे तिथे काहीतरी करता येतं. बाहेरून पोट मोजून बाळाची वाढ तुमच्या बाबतीत कळत नाही, म्हणून २८ आठवड्यांनंतर दर तीन-चार आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी. बीएमआय ४० च्या वर असल्यास ३४ आठवड्यांपासून दर आठवड्याला बाळाच्या ठोक्यांची तपासणी, अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ हेच सुचवतात आणि मीही करते. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी या, ‘उद्या तारीख आहेच’ म्हणून थांबू नका. आणि तारीख उलटून आठवडाभर वाट बघणं तुमच्यासाठी नाही. शुगर-बीपी नीट असलं तरी ३९-४० आठवड्यांत कळा आणायचा विचार डॉक्टरांशी ३६ व्या आठवड्यातच बोलून ठेवा.

सिझर ठरलेलंच का? नाही. शक्यता दोन ते तीन पट होते हे खरं, कारण गर्भपिशवीचं तोंड उघडायला वेळ जास्त लागतो आणि बाळ मोठं असतं. पण केवळ वजनाचा आकडा पाहून पहिल्या भेटीतच सिझरची तारीख देणं मला पटत नाही. या वजनात सिझरची जखम, रक्तस्राव आणि रक्ताच्या गुठळ्या हेच तर जास्त त्रासदायक. कळांना वेळ द्यायचा, देखरेख कडक ठेवायची. सोबत भूलतज्ज्ञाला ३२-३४ आठवड्यांत एकदा भेटा. ते पाठ तपासतील. मणक्याची हाडं बोटांना लागतात का, लांब सुई लागेल का, पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर घशात नळी घालायला अडचण येईल का. कळा सुरू झाल्यावर कमरेत एपिड्युरलची नळी लवकर बसवून घेणं तुमच्यासाठी शहाणपणाचं, कारण तातडीने सिझर करावं लागलं तर त्याच नळीतून भूल वाढवता येते, तेव्हा घाईत मणका शोधत बसावं लागत नाही. खालून बाळंत होताना डोकं बाहेर येऊन खांदा अडकणं ही आमची सगळ्यात घाबरवणारी मिनिटं. तेव्हा चार प्रशिक्षित हात आणि बाजूला बालरोगतज्ज्ञ लागतात. एकटी सिस्टर आणि एकटे डॉक्टर असतील तर बाळाच्या हाताच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते. म्हणून सुरुवातीला माहेरच्या प्रसूतिगृहाला नाही म्हटलं. ज्या हॉस्पिटलात नाव घालाल तिथे एक साधा प्रश्न बिनधास्त विचारा: ऑपरेशनचं टेबल किती किलोपर्यंतचं आहे?

बाळंतपणानंतर माहेरी जा, तिथे हरकत नाही. पण सव्वा महिना खाटेवर झोपवून ठेवतील तर ऐकू नका. बाळंतपणानंतरचे आठवडे पायाच्या शिरेत रक्ताच्या गुठळ्या व्हायचे सगळ्यात मोठे दिवस, आणि वजन व अंथरूण हे दोन्ही त्याला खतपाणी घालतात. सहा-आठ तासांत उठून चाला. बीएमआय ४० च्या वर असेल तर नॉर्मल झालं तरी किमान १० दिवस रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन पोटाच्या कातडीत घ्यायला सांगतात. तुमच्या वजनाला हे इंजेक्शन, इनॉक्सापॅरिन, सहसा रोज ६० मिलिग्रॅम लागतं, सरसकट दिलं जाणारं ४०चं नाही. अंगावर पाजताना ते चालतं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर तो थकवा समजू नका, हॉस्पिटल गाठा. सिझर झालं असेल तर टाके पोटाच्या घडीखाली येतात, घामाने ओले राहतात आणि पिकतात. घडी उचलून दिवसातून दोनदा कोरडं करा, मध्ये धुतलेलं सुती कापड ठेवा. त्यावर घट्ट पट्टा बांधून वर शेगडीचा शेक, हे टाके उसवायचं आमंत्रण आहे.

दुधाचं एक. या वजनात दूध उतरायला एखाद-दोन दिवस उशीर होऊ शकतो, तिसऱ्याऐवजी चौथ्या-पाचव्या दिवशी. नेमक्या त्याच वेळी घरातलं कोणीतरी ‘हिला दूधच नाही’ म्हणून पावडरचा डबा आणतं. पहिल्या तासात बाळ छातीशी घ्या, चिक हाताने पिळून वाटी-चमच्याने द्या, बाळ मांडीवर नीट बसत नसेल तर काखेखाली धरून बाजूने पाजा. लाजू नका, सिस्टरला शेजारी बसवून ठेवा. सहा ते बारा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करा, शुगर गरोदरपणात वाढली असेल तर नक्कीच. पुढचं मूल लगेच नको असेल तर तांबी बसवून घ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या या वजनात गुठळ्यांमुळे टाळतो.

शेवटी तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल. तिचं वजन ९० च्या पुढे आहे, लग्न ठरलंय आणि ती वजन उतरवायची आठवड्याची इंजेक्शनं घेतेय असं लिहिलंत. २०२५ मध्ये मुंजारो आणि वेगोव्ही भारतात आल्यापासून हा प्रश्न मला सारखा येतो. तिला सांगा, औषध चांगलं आहे, पण गरोदरपणात चालत नाही. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड गर्भ राहायच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं, मुंजारोतलं टर्झेपेटाइड किमान एक महिना आधी. आणि वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं की पीसीओडीतली बंद पडलेली अंडी बाहेर पडायला लागतात, त्यामुळे ‘मला कुठे राहतंय’ म्हणणाऱ्या मुली नकळत गरोदर राहतात. टर्झेपेटाइड सुरू करताना आणि डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, त्या काळात निरोध हवाच. वजन उतरवायची पोटाची शस्त्रक्रिया करायचं तिच्या मनात असेल तर त्यानंतर १२ ते १८ महिने थांबून मग मूल; आणि त्यात जठराचं बायपास झालं असेल तर ग्लुकोज पाजून तपासणी न करता घरी आठवडाभर बोटातून शुगर मोजायची, कारण ते गोड पाणी पिऊन अशा बायकांना चक्कर आणि घाम फुटतो. लग्नाआधी तिची शुगर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, इंजेक्शन कधी थांबवायचं ते लिहून ठेवायला सांगा आणि ते थांबवताना फॉलिक ॲसिड सुरू करू द्या.